चाळीतली बुद्ध पौर्णिमा ‘वारसा’ म्हणून नोंदवावी का?

नायगावकर

जय भीम, नमो बुद्धाय.

यंदा वैशाख पौर्णिमा १ मेला आली. बुद्ध पौर्णिमा, महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकाच तारखेला, आणि तेही गिरणगावात! डोंबिवलीला राहायला जाऊन मला चौदा वर्षं झाली, पण पौर्णिमेला पाय नायगावच्या बीडीडी चाळीकडेच वळतात. सकाळी पंचरंगी ध्वज चढला. पटांगणात चटया पडल्या, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका पुढे, पुरुष मागे, पोरं कडेला. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील दिलं. ‘नमो तस्स भगवतो’ सुरू झालं की चारही मजल्यांच्या खिडक्यांतून जी साथ येते, ती मी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही. वर भाकऱ्या थापणारी बाई हातातलं पीठ न झटकता गाथा म्हणत असते.

या वेळी एक गोष्ट मात्र मी पहिल्यांदाच नीट पाहिली. वंदना झाल्यावर विहारातल्या कपाटातून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ काढून समोर ठेवला. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने रोज रात्री त्याचं वाचन होतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्याकडे गेली पंचेचाळीस-पन्नास वर्षं एकच प्रत वाचतात. पांढऱ्या कापडात बांधलेली, पुठ्ठा दोनदा बदललेला. मी ती उघडली तर समासात पेन्सिलीच्या खुणा. रोज वाचन जिथे थांबलं तिथे बारीक रेघ, शेजारी तारीख आणि वाचणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर. एका पानावर ‘१९८२. संप. खीर नाही.’ दुसऱ्या एका पानावर ‘२६ जुलै. ७ जण.’ ही २००५ सालची. शहर पाण्यात होतं, त्या रात्रीही वाचन चुकलं नाही. २०२० च्या खुणांपुढे ‘फोनवर’ एवढंच लिहिलंय.

आमची चाळ आज ना उद्या पडणार. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर मिळणार, आणि ते मिळायलाच हवं. चार पिढ्यांनी एका खोलीत काढलेले दिवस मी विसरलेलो नाही. पण ही खिडक्यांतून येणारी साथ नव्या घरात कुठून येणार?

लडाखच्या बौद्ध पठणाची २०१२ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली. दक्षिण कोरियातला योनदुंगह्वे, म्हणजे बुद्धजयंतीच्या सुमारास सोलच्या रस्त्यांवरून लोक हातांनी केलेले कमळांचे कंदील घेऊन निघतात तो सण, २०२० साली त्या यादीत गेला. कोलकात्याची दुर्गापूजा २०२१ साली गेली. आपल्या राज्याने २०२५ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सव म्हटलं. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात आहेत. मुंबईतल्या चाळींची आणि वस्त्यांची बुद्ध पौर्णिमा, वर्षावासाचं वाचन, खीरदान यांची नोंद कुठल्या यादीत आहे? माझं म्हणणं असं की आपल्या संस्थांनी एकत्र येऊन सरकारकडे रीतसर प्रस्ताव द्यावा. तुम्हाला काय वाटतं ते सांगा. विरोध असेल तर तोही मोकळेपणाने सांगा.

दीक्षेची तिसरी पिढी

जय भीम दादा. समासातल्या खुणांचं वाचून गलबलून आलं. पण प्रस्तावाला माझा विरोध आहे, आणि तो ‘वारसा’ या शब्दापासूनच सुरू होतो.

आमच्या घरात वारसा हा शब्द एकाच गोष्टीसाठी होता, महारवतनासाठी. बापाकडून मुलाकडे येणारी गावकी, मेलेली ढोरं, सांगावे पोचवणं आणि बलुत्याची शिळी भाकर. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली कौन्सिलात विधेयक मांडलं, आणि कायद्याने ते जायला १९५८ साल उजाडलं. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली, घरी आले, देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि खाडीत सोडले. आजी रात्रभर जागी होती. देवांच्या भीतीने नाही. उद्यापासून सकाळी उठून हात कुणाला जोडायचे, हे तिला कळेना म्हणून.

आपला धम्म वारशाने आलेला नाही. वारसा झुगारून, विचार करून घेतलेला आहे. दीक्षेवेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा म्हणजे एकेक जुनी गोष्ट नाकारून सुरू होणारी यादी आहे. तिला ‘जपून ठेवायची परंपरा’ म्हटलं की तिची धार गेली. उद्या सरकारी फलकावर आपण लावणी, गोंधळ, दशावतार यांच्या रांगेत एक चित्र म्हणून उभे राहू. त्या कलांबद्दल मला आदर आहे. पण धम्म ही कला नाही.

कान्हेरीचा वाटाड्या

तिसऱ्या पिढीच्या दादांचा मुद्दा वजनदार आहे, तरी मी नोंदीच्या बाजूने आहे. कारण सांगतो.

मी बोरिवलीच्या डोंगरात वीसेक वर्षं फिरतोय. कान्हेरीत शंभरावर लेणी आहेत. पाण्याची टाकी, दगडात खोदलेले पन्हळ, भिक्खूंचे बाक सगळं जागेवर आहे. भिंतींवर ब्राह्मीतले लेख आहेत, कल्याणचा व्यापारी, सोपाऱ्याचा व्यापारी, कुणी सोनार, कुणी लोहार. दान काय दिलं, कशासाठी दिलं. भिक्खूंना वर्षावासात चीवर, म्हणजे अंगावरचं वस्त्र, मिळावं म्हणून ठेवलेल्या ठेवींचेही उल्लेख आहेत. नालासोपाऱ्याचा स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरला, तेव्हा एकात एक ठेवलेले करंडक निघाले. दगडाचा, तांब्याचा, चांदीचा, स्फटिकाचा, सोन्याचा, आणि आत भिक्षापात्राचे तुकडे. ते आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

वस्तू उरल्या. पण कान्हेरीच्या तीन नंबरच्या चैत्यात, स्तूपासमोर उभं राहून लोक गाथा कुठल्या चालीत म्हणत, पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत संध्याकाळी काय वाचत, यातलं एक अक्षर हाती लागत नाही. म्हणणारे गेले, चाल गेली. मी तिथे गेलो की दर वेळी याच जागी अडतो.

नायगावकर, तुमच्या ग्रंथातली ‘२६ जुलै. ७ जण.’ ही ओळ माझ्या लेखी कान्हेरीच्या दानलेखाइतकीच मोलाची आहे. फरक इतकाच की तो दगडात आहे आणि ही पेन्सिलीत. पेन्सिल पुसते हो.

गिरगावकर

मी बौद्ध नाही. वडील गिरणीत होते, त्यामुळे नायगाव-परळशी नातं जुनं. गणेशोत्सव मंडळात वयाच्या बाराव्या वर्षापासून आहे, म्हणून दोन शब्द अनुभवाचे.

दर्जा मिळाला की दिवे येतात, दिवे आले की मंच येतो, आणि मंच आला की माणसं खुर्च्यांवर बसतात. आमच्या लहानपणी आरतीला पन्नास गळे असायचे. आज स्पीकरवर आरती लागते आणि पन्नास हात मोबाईल धरून वर गेलेले असतात. आमच्या मुलांना ‘घालीन लोटांगण’ पाठ नाही. हे सरकारने केलं असं मी म्हणत नाही, आम्हीच केलं. पण ते होताना आम्हाला अभिमान वाटत होता, हे खरं दुखणं आहे.

आणखी एक विचारतो, राग मानू नका. मुंबईचा म्हणून नोंदवायचा तर ६ डिसेंबरच का नको? शिवाजी पार्कवर लाखो माणसं येतात, रांगेत उभी राहतात, परत जाताना पिशवीभर पुस्तकं नेतात. असा दिवस मी तरी दुसऱ्या कुठल्या शहरात पाहिलेला नाही. बुद्ध पौर्णिमा तर जगभर असते.

नायगावकर

गिरगावकर काका, राग कसला. आरतीचं तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं.

६ डिसेंबर हा आमचा शोकाचा दिवस आहे, त्याला सण म्हणताना माझी जीभ अडखळते. आणि पौर्णिमा जगभर असली तरी मुंबईची पौर्णिमा वेगळी आहे. २४ मे १९५६ ला, बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या अडीच हजाराव्या वर्षातल्या बुद्ध पौर्णिमेला, परळच्या नरे पार्कात सभा झाली. ऑक्टोबरमध्ये आपण बौद्ध धम्म स्वीकारणार, हे बाबासाहेबांनी तिथे जाहीर केलं. नरे पार्क आमच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आमचे आजोबा त्या सभेला होते. पहिली पाळी सुटल्यावर डबा हातात घेऊन तसेच गेले, असं ते सांगायचे. नागपूरला घडलं त्याची घोषणा इथे झाली, आणि ती बुद्ध पौर्णिमेलाच झाली. म्हणून या शहरावर पौर्णिमेचा हक्क आहे असं मला वाटतं.

गोराईकडची वाट

मंगल हो. मी विपश्यना साधक आहे, दर पौर्णिमेला गोराईच्या विपश्यना पॅगोड्यात एक दिवसाच्या ध्यान शिबिराला जातो. आठ हजार माणसं बसतील असा तो घुमट, मध्ये एकही खांब नाही. आत शेकडो माणसं असतात आणि श्वासाखेरीज आवाज नसतो. पौर्णिमेचा अर्थ मला तिथे सापडला.

स्पष्टच सांगतो. वस्त्यांमध्ये बुद्ध पौर्णिमेच्या मिरवणुकीला आता डीजे लागतो. छातीत धडधड होईल एवढा आवाज आणि त्यावर बुद्धाचं नाव. जिथे पाचवं शील घेतलं त्याच चौकात रात्री दारू पिऊन नाचणारी माणसं मी पाहिली आहेत. याची नोंद करून घ्यायची आहे का? आधी आपण शील सांभाळू, सण बाहेर दाखवायचा की नाही ते नंतर बघू.

चेंबूरची उपासिका

सगळ्यांना जय भीम. मी पंचवीस वर्षं वर्षावासात ग्रंथ वाचते. इथे बोलतायत त्यातल्या किती भावांनी रात्री जेवणं उरकून, भांडी घासून, साडेनऊला ग्रंथासमोर बसून तीन महिने वाचलंय, हे मला विचारावंसं वाटलं. रागाने नाही विचारत.

माझी आई सही करायला शिकली रात्रीच्या वर्गात, पण वाचायला शिकली ग्रंथात. तिच्या शेजारी बसून मी एक ओळ म्हणायची, मग ती तीच ओळ बोटाने शोधायची. ‘प्रतीत्यसमुत्पाद’ हा शब्द तिला पाच वर्षं म्हणता आला नाही. सहाव्या वर्षी आला, त्या दिवशी बायकांनी वाचन थांबवून टाळ्या वाजवल्या. ती पुढे वस्तीत सगळ्यांची रेशनकार्डं, शाळेचे अर्ज वाचून द्यायची. दादा, तुम्ही म्हणता धम्म ही कला नाही. नाहीच. पण तो आमच्याकडे असा आला, बोटाने ओळ शोधत.

आणि गोराईकडच्या दादांना सांगते, डीजेला माझाही विरोध आहे. मंडळाच्या बैठकीत मी उभं राहून बोलले आहे, शिव्याही खाल्ल्या आहेत. पण डीजे वाजवणारी पोरं वेगळी आणि दुपारी चार वाजल्यापासून पातेल्यापाशी उभ्या असलेल्या बायका वेगळ्या. वीस लिटर दुधाची खीर, तांदूळ आधी तुपावर परतून घ्यायचे, तळाला लागू नये म्हणून उलथनं एकसारखं फिरवायचं. बुद्धाला खीर देणाऱ्या सुजातेची गोष्ट सांगत सांगत ते चालतं आणि हाताखालच्या मुली ऐकत असतात. तुमच्या घुमटात शांतता आहे, मला मान्य आहे. आमच्याकडे ही आहे.

आता खरी अडचण सांगते. तुम्ही सगळे यादीचं बोलताय. आमची वस्ती तीन वर्षांपूर्वी टॉवरमध्ये गेली. जुन्या जागेत विहार होता, दहा बाय पंधराचा, पत्र्याचा, पण आमचा. नव्या जागेत ‘बहुउद्देशीय सभागृह’ आहे. तिथे बसायचं तर भाडं, अनामत रक्कम, आठ दिवस आधी अर्ज. रोज रात्री दीड तास, तीन महिने, असा अर्ज दिला तर सोसायटीने विचारलं, हे सारखं सारखं तेच का वाचता? मेणबत्ती लावायची नाही, फायर अलार्म वाजतो. मूर्ती ठेवून जायची नाही. पहिल्या वर्षी आम्ही लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत बसलो. लिफ्ट उघडली की वाचन थांबायचं, माणूस उतरला की पुढची ओळ. दुसऱ्या वर्षी चाळीस बायकांच्या अकरा झालो. गेल्या वर्षी माझ्या हॉलमध्ये पाच जणी.

युनेस्कोच्या यादीने मला एक खोली मिळणार आहे का? मिळत असेल तर उद्या सही करते.

कान्हेरीचा वाटाड्या

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. यादीने खोली मिळत नाही. पण नोंद असेल तर पुनर्विकासाच्या नकाशावर बोट ठेवून ‘इथे सत्तर वर्षं विहार आहे, त्याच्या बदल्यात विहार द्या’ असं म्हणता येतं. नोंद नसेल तर ‘अनधिकृत पत्र्याची शेड’ एवढंच कागदावर राहतं. सोलचंच बघा. कोरियाच्या जुन्या राजवटीत भिक्खूंना राजधानीच्या वेशीत पाऊल टाकायला बंदी होती, ती १८९५ साली उठली. आज त्याच शहरात बुद्धजयंतीच्या मिरवणुकीला हमरस्ता मोकळा करून देतात. हे आपोआप झालेलं नाही, लोकांनी रस्ता मागितला आहे.

दीक्षेची तिसरी पिढी

उपासिका ताई, तुमच्या आईचं वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही.

माझी एक चूक दुरुस्त करतो. आजोबांनी टाक खाडीत सोडले, आणि दुसऱ्या सकाळी हात कुणाला जोडायचे हा आजीचा प्रश्न होता, असं मी वर लिहिलं. त्याचं उत्तर तिला कुठे मिळालं, हे लिहिलं नाही. ते शेजारच्या बायकांनी दिलं. बाबासाहेबांनी बौद्ध पूजापाठाची छोटी पुस्तिका करून ठेवली होती, त्यातली वंदना तिला त्यांनी पाठ करून घ्यायला लावली. म्हणजे नकार आजोबांनी दिला आणि सकाळ बायकांनी भरून काढली. हे मी आजवर या बाजूने पाहिलंच नव्हतं.

तरी नोंदीला विरोध कायम आहे. वाटाड्या दादा, नकाशावर बोट ठेवायला सात-बारा लागतो, ठराव लागतो, जुन्या पावत्या लागतात. प्रत्येक विहाराची वर्गणीची पावती पुस्तकं, वीजबिलं, जुने फोटो गोळा करा, मी स्वतः येतो. वकिलाचं काम मला येतं, ते मी फुकट करीन. पण त्यावर ‘सांस्कृतिक वारसा’ हा शिक्का नको. विहार आमचा हक्क आहे म्हणून मागायचा, सुंदर दिसतो म्हणून नाही. एकदा सुंदर दिसण्यावर मागितलं की उद्या जो सुंदर दिसत नाही तो पत्र्याचा विहार कुणी वाचवणार नाही. लिफ्टसमोर बसलेल्या अकरा बायका कुठल्या यादीत बसतात?

गिरगावकर

हे शेवटचं वाक्य मी आमच्या मंडळाच्या गटात पाठवलं आहे. आमचीही चाळ पुनर्विकासात आहे. गणपती कुठे बसवायचा यावर तीन बैठका झाल्या, शेजारच्या चाळीतल्या विहाराचा विषय एकदाही निघाला नाही. पुढच्या बैठकीत मी काढतो.

गोराईकडची वाट

डीजेबद्दलचं माझं मत तेच आहे. खिरीच्या बाबतीत मी घाईने बोललो, ताई. माझी आईसुद्धा करायची.

नायगावकर

काल पुन्हा नायगावला जाऊन आलो. ग्रंथ सांभाळणाऱ्या आजींना सगळं वाचून दाखवलं. वयाने थकल्या आहेत, पण ऐकताना मध्येमध्ये ‘हं, पुढे’ म्हणत होत्या. नोंदीबद्दल त्या म्हणाल्या, फोटो काढा की, पानन् पान काढा, पण ग्रंथ बाहेर जाणार नाही आणि आषाढीच्या आत सगळं उरका. यंदा अधिक मास असल्याने आषाढी पौर्णिमा २९ जुलैला आहे, तेव्हा वेळ आहे. वाटाड्या दादा, तुमच्याकडे चांगला कॅमेरा आहे असं मागे एकदा लिहिलं होतंत. येत्या रविवारी जमेल का? प्रस्तावाचा मसुदा मी तूर्त बाजूला ठेवलाय. आधी पावती पुस्तकं गोळा करू. वकील दादांनी सांगितलंय तशी.

निघताना आजींनी विचारलं, ‘तुझ्या डोंबिवलीत कुठपर्यंत आलाय?’ मला आधी कळेना. मग कळलं, ग्रंथ. मी सांगितलं, घरी आहे, चांगली बांधणीची प्रत आहे, लग्नात मिळालेली. वाचलेला नाही. त्या काही बोलल्या नाहीत, कापडाची गाठ मारत बसल्या.

२९ जुलैला माझ्या घरी वाचन सुरू करतोय. रात्री साडेनऊ. हॉल लहान आहे, दहाबारा माणसं बसतील. कल्याण-डोंबिवलीकडचं कुणी येणार असेल तर कळवा. उपासिका ताई, पहिल्या दिवशी तुम्ही आलात तर फार बरं होईल, मला कुठे थांबायचं ते कळत नाही.

चेंबूरची उपासिका

येते. पहिल्या रात्री प्रस्तावना वाचायची, तिथेच थांबायचं. पेन्सिल घेऊन ठेवा, पेन नको.

दीक्षेची तिसरी पिढी

मी उल्हासनगरला असतो, मीही येतो. नोंदीवरचं माझं मत मात्र बदललेलं नाही, तिथे आल्यावर पुन्हा बोलू.